कॅचर, बेसबॉलमधील : पारख व निवड

बेसबॉल खेळात होम प्लेटच्या मागे उकिडवे बसून पिचरने टाकलेले चेंडू झेलणाऱ्या खेळाडूस कॅचर म्हणतात. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाशी त्याचे स्थान वरवर मिळतेजुळते असले, तरी त्याचे कार्य पुष्कळच व्यापक असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत माध्यमिक शाळेतील, म्हणजे सु. १४ ते १८ वर्षे वयाच्या खेळाडूंमधून महाविद्यालयीन संघांसाठी कॅचर निवडले जातात. ही निवड करण्यापूर्वी खेळाडूचे कौशल्य, शरीर, बुद्धी व स्वभाव यांची जी पद्धतशीर पाहणी केली जाते, तिचे स्वरूप या नोंदीत दिले आहे. खेळाडू हेरणाऱ्या जाणकारास ‘स्काउट’ ही संज्ञा आहे. व्यावसायिक संघांचे स्काउट हे पगारी नोकर असतात, तर महाविद्यालयांत हे काम मुख्यतः संघाचे साहाय्यक प्रशिक्षकच करतात.

स्थान व कार्य : मैदानावरील नऊ क्षेत्ररक्षकांपैकी कॅचर हा एकटाच इतर सर्वांकडे तोंड करून असतो, त्यामुळे संपूर्ण मैदान त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येते. पिचरने कोणता चेंडू कोठे टाकावा याची खूण करणे, तो चेंडू सफाईने झेलणे, जमिनीवर टप्पा पडून आलेला चेंडू अंगाने अडविणे, बेस चोरू पाहणाऱ्या धावकास अचूक फेकीने बाद करविणे, होम प्लेटकडे धावत येणाऱ्या प्रतिपक्षीयास चेंडूने स्पर्श करून बाद करणे व क्षेत्ररक्षकांना सूचना देणे, ही त्याची प्रमुख कामे होत. पिचर व होम प्लेट यांतील अंतर १८९३ पासून ६० फूट ६ इंच (१८·४४ मी.) इतके आहे. एवढ्या अंतरावरून ताशी १४५ किमी. वेगाने येणारा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आतच कॅचरपर्यंत पोहोचतो. एका सामन्यात असे सव्वाशे ते दीडशे चेंडू त्याला घ्यावे लागतात. इतर कोणत्याही क्षेत्ररक्षकाचा चेंडूशी इतका संबंध येत नाही. याच कारणाने चांगला कॅचर दुर्मिळ समजला जातो आणि त्याच्या निवडीत झालेली चूक संघाला वर्षभर भोवते.

साधने : प्रारंभीच्या काळात कॅचर प्लेटपासून बराच मागे, उघड्या तोंडाने उभा राहत असे. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या संघातील फ्रेड थेयर याने १८७७ च्या सुमारास तोंडासाठी तारेचा मुखवटा तयार केला व १८७८ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. नडगीवरील कवच रॉजर ब्रेस्नहान याने १९०७ मध्ये मोठ्या सामन्यांत रूढ केले. या साधनांमुळे कॅचरला फलंदाजाच्या अगदी जवळ बसणे शक्य झाले. मुखवटा, छातीचे कवच, नडगीचे कवच आणि जाड हातमोजा या साऱ्या सरंजामास थट्टेने ‘अज्ञानाची अवजारे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्दप्रयोग मडी रूएल या कॅचरच्या नावावर सांगितला जातो. रूएल हा स्वतः शिकलेला वकील होता. इतके धोक्याचे काम शहाणा माणूस पत्करील कसा, असा त्यातील उपरोध आहे. प्रत्यक्षात मात्र हे स्थान मैदानावरील सर्वांत विचारी खेळाडूकडेच सोपविले जाते.

निवडीची चौकट : अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन मुख्यतः राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना (एनसीएए) करते. तिची स्थापना १९०६ मध्ये झाली. तिच्या सदस्य महाविद्यालयांचे तीन विभाग असून तिसऱ्या विभागात क्रीडाकौशल्यासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पहिल्या विभागातील बेसबॉल संघांना दीर्घकाळ केवळ ११·७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. त्या सु. पंचवीस-तीस खेळाडूंत वाटल्या जात असल्याने बहुतेकांच्या वाट्याला अंशतःच साहाय्य येई. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीनंतर ही पद्धत बदलली. ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना आता शिष्यवृत्तींच्या संख्येऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येची मर्यादा असते व ती बेसबॉलसाठी ३४ आहे.

या ३४ जणांत कॅचर सामान्यतः तीन किंवा चार असतात. ते चार वर्षांच्या विद्यार्थ्यांत विभागलेले असल्याने एका वर्षी एखादीच जागा रिकामी होते. पिचरच्या बाबतीत एक निवड फसली, तर दुसरा उभा करता येतो; कॅचरच्या बाबतीत तशी सवड नसते. उलटपक्षी मुलाच्या दृष्टीनेही पर्याय मोजकेच असतात. जेथे त्याच्याच वयाचा दुसरा कॅचर आधी घेतला गेला, तेथे त्याला खेळावयास मिळण्याची शक्यता फारच कमी राहते.

पहिल्या विभागातील प्रशिक्षकांनी मुलांशी फार लहान वयातच बोलणी सुरू करण्याची प्रथा वाढली होती. तिला आळा घालण्यासाठी २०२३ मध्ये नियम करण्यात आला. त्यानुसार माध्यमिक शाळेच्या अकराव्या इयत्तेपूर्वीच्या १ ऑगस्टपर्यंत बेसबॉल खेळाडूशी निवडीसंबंधी संपर्क साधता येत नाही. निवडीवर व्यावसायिक बेसबॉलचेही सावट असते. १९६५ पासून व्यावसायिक संघ वार्षिक वाटप पद्धतीने नवे खेळाडू घेतात. शालेय शिक्षण पूर्ण होताच मुलगा त्या वाटपास पात्र ठरतो. परंतु चार वर्षांच्या महाविद्यालयात दाखल झाल्यास तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत त्याला थांबावे लागते. अतिशय गुणी मुलगा महाविद्यालयात येण्यापूर्वीच व्यावसायिक करार करील काय, हाही अंदाज प्रशिक्षकाला बांधावा लागतो.

फेकीचे मापन : कॅचरच्या गुणांपैकी सर्वांत सहज मोजता येणारा गुण म्हणजे दुसऱ्या बेसकडील फेक. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसचे अंतर १२७ फूट ३ ३/८ इंच (सु. ३८·८ मी.) असते. चेंडू कॅचरच्या हातमोज्यावर आदळल्याच्या क्षणापासून तो दुसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यात पडेपर्यंत लागणाऱ्या वेळास, दोन्ही टोकांना होणाऱ्या आवाजावरून, ‘पॉप टाइम’ असे नाव पडले आहे. सर्वोच्च व्यावसायिक पातळीवर याची सरासरी सु. २·० से. आहे व १·९ से. वा त्याहून कमी वेळ असाधारण मानतात. शालेय वयात २·१ से. समाधानकारक ठरतो. पहिल्या विभागातील महाविद्यालये सामान्यतः २·० सेकंदांच्या आसपासची अपेक्षा धरतात.

या वेळाचे दोन भाग पडतात. चेंडू हातमोज्यातून काढून फेकीसाठी हातावेगळा करणे हा पहिला भाग. त्याला साधारणपणे पाऊण सेकंद लागतो. उरलेला सव्वा सेकंद चेंडूच्या प्रवासाचा असतो. ताकदवान हाताचा पण मंद पावलांचा मुलगा व साधारण हाताचा पण चपळ पावलांचा मुलगा या दोघांचा पॉप टाइम एकच येऊ शकतो. म्हणून जाणता स्काउट केवळ एकूण आकड्यावर थांबत नाही, तर हे दोन भाग वेगळे करून पाहतो. फेकीचा वेग रडार यंत्राने मोजतात. महाविद्यालयीन कॅचरकडून ताशी १२० ते १३० किमी. वेगाची अपेक्षा असते. हाताची ताकद वयाबरोबर वाढू शकते, पावलांची ठेवण सरावाने सुधारता येते. परंतु हातमोज्यातून चेंडू उचलणाऱ्या बोटांची उपजत चपळाई शिकविणे कठीण, असे अनेक प्रशिक्षक मानतात.

पॉप टाइमचे महत्त्व साध्या बेरजेने कळून येते. बेस चोरणारा धावक पहिल्या बेसपासून काही पावले पुढे सरकून उभा असतो व उरलेले अंतर त्याला सु. ३·४ सेकंदांत कापता येते. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरकडे येण्यास सु. १·३ से. लागतात. त्यात कॅचरचे २·० से. मिळविले, की ३·३ से. होतात. उरलेल्या एक दशांश सेकंदात क्षेत्ररक्षकाने चेंडू धावकाच्या अंगाला लावावयाचा असतो. तेवढ्या अवधीत वेगात असलेला धावक सु. पाऊण मीटर पुढे जातो. फेक बेसच्या पहिल्या बेसकडील बाजूस, गुडघ्याच्या उंचीवर पडली, तरच ती उपयोगी पडते. डोक्यावरून गेलेली वेगवान फेक निरुपयोगी ठरते. पिचर संथ असेल, तर धावक सुखरूप पोहोचतो व दोष नाहक कॅचरच्या माथी येतो, ही गोष्टही परीक्षकाने ध्यानी ठेवणे आवश्यक असते.

झेल व अडवणूक : चेंडू झेलताना हातमोजा शांत असावा, मनगट सैल असावे व चेंडूच्या धक्क्याने हात स्ट्राइकच्या क्षेत्राबाहेर ढकलला जाऊ नये, ही मूलभूत अपेक्षा होय. सीमेवरील चेंडू कॅचरने नीट धरला, तर पंच तो स्ट्राइक ठरविण्याची शक्यता वाढते. हे कौशल्य पूर्वीपासून ज्ञात होते. पण त्याचे मोल अजमावता येत नव्हते. २००६-०७ पासून अमेरिकेतील प्रमुख मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे बसविण्यात आले. त्यांच्या नोंदींवरून, अशा झेलण्याने एका हंगामात अनेक धावांचा फरक पडू शकतो असे दिसून आले. माइक फास्ट याने २०११ मध्ये केलेले विश्लेषण या बाबतीत विशेष गाजले. तेव्हापासून शालेय कॅचरच्या पारखीतही या गुणाला अग्रस्थान मिळाले. एक गुडघा जमिनीला टेकवून बसण्याची पद्धतही त्यातूनच फैलावली. तीमुळे खालच्या पातळीवरील चेंडू अधिक सफाईने घेता येतो.

टप्पा पडलेला चेंडू झेलण्याचा प्रयत्न न करता तो छातीने अडवून समोर पाडणे, याला अडवणूक म्हणतात. यात डोळे न मिटणे, हनुवटी खाली ठेवणे व खांदे आत वळविणे या गोष्टी पाहतात. तिसऱ्या बेसवर धावक असताना पिचरला खाली पडणारा चेंडू निःशंकपणे टाकता आला पाहिजे. कॅचर तो अडवील असा विश्वास नसेल, तर पिचर तसा चेंडू टाकण्याचे टाळतो व त्याचे एक अस्त्र कमी होते. कोणत्याही आकडेवारीत न दिसणारे हे नुकसान अनुभवी स्काउट पिचरच्या वागणुकीवरून ओळखतात.

फलंदाजी व शरीर : बचावात तरबेज असलेल्या कॅचरकडून फलंदाजीची अपेक्षा इतर स्थानांच्या मानाने कमी असते. तथापि महाविद्यालयीन पातळीवर ती अगदीच दुर्बळ असून चालत नाही. शालेय व महाविद्यालयीन सामन्यांत धातूची बॅट चालते. तिच्यामुळे कच्चा फटकाही दूर जातो. म्हणून काही पाहण्यांत मुलांना लाकडी बॅटने खेळवून पाहतात. ६० यार्ड (सु. ५४·९ मी.) धावण्याची चाचणी सर्वांची घेतली जाते, पण कॅचरच्या संथपणाकडे बरेचसे दुर्लक्ष करतात. घोटे, कंबर व मांड्या यांची लवचिकता मात्र बारकाईने पाहिली जाते. डाव्या हाताने फेकणारे कॅचर जवळजवळ नसतातच. याउलट उजव्या हाताने फेकणारा परंतु डावखुरी फलंदाजी करणारा कॅचर अधिक पसंत केला जातो.

बुद्धी व स्वभाव : अनेक महाविद्यालयांत कोणता चेंडू टाकावयाचा हे प्रशिक्षकच बाहेरून ठरवितो, हल्ली त्यासाठी विद्युत् उपकरणेही वापरतात. त्यामुळे कॅचरच्या निर्णयशक्तीस वाव कमी झाला आहे, अशी तक्रार केली जाते. तरीही पिचरला सावरणे, पंचाशी सभ्यपणे बोलणे व घसरलेल्या डावात संघाचे धैर्य टिकविणे ही कामे त्याचीच राहतात. स्वतः फलंदाजीत बाद होऊन आलेला मुलगा पुढच्याच डावात पिचरकडे पूर्ण लक्ष देतो की नाही, चुकलेल्या फेकीनंतर तो सहकाऱ्याकडे बोट दाखवितो की छातीला हात लावून चूक पत्करतो, सराव संपल्यावर साहित्य कोण आवरते, अशा बारीकसारीक गोष्टींची नोंद घेतली जाते. शाळेची गुणपत्रिकाही पाहतात. प्रवेश व शैक्षणिक पात्रता यांसाठी ती आवश्यक असतेच. शिवाय प्रतिपक्षाच्या फलंदाजांचा अभ्यास करण्याची चिकाटी तीवरून थोडीफार अजमावता येते.

निरीक्षण व गुणांकन : सामन्यापूर्वीच्या सरावात व प्रत्येक डावाच्या आरंभी कॅचर दुसऱ्या बेसकडे एक फेक करतो. प्रतिस्पर्धी धावक क्वचितच चोरी करीत असल्याने स्काउटला बहुधा याच फेकी मोजावयास मिळतात. तो झेलण्याची पद्धत पाहण्यासाठी होम प्लेटच्या मागे, तर पावले व हात पाहण्यासाठी बाजूस बसतो. गुणांकनासाठी २० ते ८० अशी श्रेणी रूढ असून तिचे जनकत्व ब्रँच रिकी या प्रसिद्ध संघचालकास दिले जाते. व्यावसायिक पातळीवरील सरासरीस ५० गुण धरतात. प्रत्येक गुणास दोन आकडे दिले जातात : एक आजच्या स्थितीचा व दुसरा पूर्ण वाढ झाल्यानंतर अपेक्षित असलेल्या स्थितीचा. पहिला आकडा निरीक्षणाचा, तर दुसरा अंदाजाचा असतो आणि स्काउटची खरी कसोटी दुसऱ्या आकड्यातच लागते.

मर्यादा : सोळा-सतरा वर्षांच्या मुलाविषयीचा अंदाज अनेक कारणांनी चुकतो. या वयात शारीरिक वाढ सारखी नसते. लवकर वाढलेला मुलगा बलवान म्हणून उठून दिसतो, तर उशिरा वाढणारा मागे पडतो. स्टॉपवॉच हाताने चालविल्यास दोन निरीक्षकांच्या मापनात एक दशांश सेकंदाचा फरक सहज पडतो. निवड आणि नकार यांतील अंतरही पुष्कळदा तेवढेच असते. गुणप्रदर्शनाच्या मेळाव्यात फलंदाज व धावक नसताना, फेकीच्या पूर्ण तयारीत मिळविलेला वेळ प्रत्यक्ष सामन्यातील वेळापेक्षा बराच चांगला येतो. अशा मेळाव्यांचे शुल्क व प्रवासखर्च पालकांनाच सोसावा लागत असल्याने, ऐपत नसलेल्या घरातील गुणी मुलगा नजरेतून सुटण्याचा धोका असतो. शिवाय आकडा सुधारण्याच्या नादात मुले वाढत्या वयात पूर्ण ताकदीने वारंवार फेकी करतात व त्यातून खांद्याला आणि कोपराला इजा होतात. गुडघे, बोटे व डोके यांच्या दुखापतींचा धोका तर या स्थानाला जडलेलाच आहे.

पारखीतील चुकांची उदाहरणे बोलकी आहेत. माइक पियाझा याला १९८८ च्या व्यावसायिक वाटपात बासष्टाव्या फेरीत, तेही कौटुंबिक स्नेहापोटी, घेण्यात आले. तोवर तो पहिल्या बेसवर खेळत असे. पुढे कॅचर होऊन २०१६ मध्ये त्याचा बेसबॉलच्या सन्मान-दालनात समावेश झाला. बस्टर पोझी हा फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात शॉर्टस्टॉप म्हणून आला व २००७ मध्ये त्याला कॅचर करण्यात आले. पुढच्याच वर्षी तो देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूसाठीच्या ‘गोल्डन स्पाइक्स’ पुरस्काराचा मानकरी ठरला. हवाईचा कर्ट सुझुकी कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या फुलर्टन येथील संघात शिष्यवृत्तीविना, स्वतः होऊन दाखल झाला. २००४ च्या महाविद्यालयीन विश्वमालिकेत निर्णायक फटका त्याच्याच बॅटीतून आला. अ‍ॅडली रचमन याला २०१६ मध्ये शाळेतून बाहेर पडताना व्यावसायिक वाटपात चाळिसाव्या फेरीपर्यंत थांबावे लागले. ऑरेगन स्टेट विद्यापीठात तीन वर्षे खेळल्यावर २०१९ मध्ये तोच देशातील पहिल्या क्रमांकाची निवड ठरला. तीन वर्षांच्या शिक्षणाने व सरावाने मूल्यमापन किती पालटू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.

बदलते निकष : नियम बदलले, की गुणांचे मोलही बदलते. होम प्लेटवर धावकाशी टक्कर घेण्याची धमक हा एकेकाळी कॅचरचा आवश्यक गुण मानीत. २०११ मध्ये अशाच टकरीत पोझीचा पाय मोडला व २०१४ मध्ये व्यावसायिक बेसबॉलने अशा टकरींवर निर्बंध घातले. त्यानंतर धिप्पाड देहापेक्षा चपळ स्पर्शाला महत्त्व आले. २०२३ मध्ये बेस आकाराने मोठे करण्यात आले व धावकास रोखण्यासाठी पिचरने करावयाच्या प्रयत्नांवर मर्यादा घालण्यात आली. परिणामी प्रमुख व्यावसायिक सामन्यांतील बेसचोऱ्यांची संख्या २०२२ मधील २,४८६ वरून ३,५०३ वर गेली आणि फेकीचे महत्त्व पुन्हा वाढले. २०२६ च्या हंगामापासून तेथे पंचाच्या स्ट्राइकविषयक निर्णयाला यंत्राच्या साहाय्याने आव्हान देण्याची मुभा असून हे आव्हान फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांनाच देता येते. त्यामुळे चेंडू सफाईने झेलून पंचाचा कौल मिळविण्याच्या कलेस काहीशी मर्यादा पडते; पण निर्णय खरोखर चुकला आहे काय, हे क्षणात ओळखणाऱ्या कॅचरची किंमत वाढते.

आज शाळेत असलेला मुलगा पाच-सहा वर्षांनी ज्या नियमांखाली खेळेल, ते आजचे नियम असतीलच असे नाही. म्हणून केवळ एखाद्या मापनावर विसंबून केलेली निवड टिकाऊ ठरत नाही. मुलाला अनेक सामन्यांत, निरनिराळ्या पिचरबरोबर व विशेषतः अपयशाच्या प्रसंगी पाहणे, हीच या क्षेत्रातील सर्वांत भरवशाची पद्धत समजली जाते.